कोड पाळला नाही तर कायदा मोडतो का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. कारखान्यात दोन हजार लिटरचा एअर रिसीव्हर, म्हणजे दाबलेली हवा साठवायची टाकी आहे, पंधरा-सोळा वर्षांचा, आठ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबावर चालणारा. तपासणीला आलेल्या कॉम्पिटंट पर्सनने, म्हणजे सरकारमान्य तपासनिसाने, अहवालात तीन शेरे मारले आहेत: सेफ्टी व्हॉल्व्हच्या (दाब वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेच्या) चाचणीचा कागद नाही, हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घ्या, आणि खालच्या डिश एंडची (टाकीच्या बशीसारख्या टोकाची) जाडी कमी झालेली दिसते, ती आयएस 2825 (दाबपात्रांचं भारतीय मानक) प्रमाणे ताडून बघा. मालक म्हणतात, आयएस कोड ही शिफारस आहे, कायदा नाही, मग त्यापायी शटडाउन कशाला? अहवाल देणारे म्हणतात, हे कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही मेंटेनन्सला, दोघांच्या मधे. खरं कोणाचं आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण, हे तुम्हाला हवं आहे.

मालकांचं वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आयएस कोड हा आपोआप कायदा नसतो. पण तो पाळला नाही तरी चालतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

दाबपात्रं, क्रेन आणि लिफ्ट यांच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली. अपघातानंतरच्या चौकशीत तांत्रिक मत द्यायलाही मला बोलावतात. मी वकील नाही. कोणत्या कलमाखाली काय लावायचं ते वकिलांनी सांगावं. पण तांत्रिक नियमाला कायद्यात वजन कुठून येतं, हे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि तेवढंच इथे सांगतो. तुम्ही राज्य लिहिलेलं नाही, मी महाराष्ट्र धरून चालतो.

तुमच्या अहवालातले तीन शेरे एकाखाली एक लिहिलेले असले तरी कायद्यात तिन्हींचं बळ वेगवेगळं आहे. गोंधळ तिथेच झालाय.

आधी मुळाकडे जाऊ. संसद किंवा विधिमंडळ अधिनियम करतं. त्यात तत्त्व असतं, यंत्राची मापं क्वचितच असतात. अधिनियम सरकारला किंवा एखाद्या मंडळाला नियम आणि विनियम करायचा अधिकार देतो. ते राजपत्रात छापून येतात आणि कायद्याइतकेच बांधतात. त्यापलीकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मानकं, परदेशी कोड, उद्योगांच्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं, उत्पादकाचं मॅन्युअल, कंपनीची स्वतःची एसओपी (कामाची लेखी पद्धत) असा मोठा पसारा असतो. या पसाऱ्यातल्या कागदाला कायद्याचं बळ हवं असेल तर वरच्या पायरीवरच्या कोणीतरी त्याचा हात धरावा लागतो. कोणी, कुठे आणि किती घट्ट धरलाय, हे बघणं हाच खरा प्रश्न आहे.

सगळ्यात घट्ट हात बॉयलरचा. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती आपापले कायदे झाले, त्यांच्यातल्या फरकांनी अडचणी वाढल्या, आणि 1923 मध्ये देशाला एक बॉयलर कायदा मिळाला. त्याखाली 1950 चे विनियम आले, ज्यांना आपण सगळे आयबीआर म्हणतो. उघडून पाहिलं तर ते इंजिनिअरिंगचं पुस्तक वाटतं: प्लेटच्या जाडीची सूत्रं, पोलादाच्या चाचण्या, वेल्डरची परीक्षा, सेफ्टी व्हॉल्व्हची मापं. पण ते केंद्रीय बॉयलर मंडळाने कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेले विनियम आहेत. तिथे सूत्रापेक्षा पातळ प्लेट लावणं हा थेट कायद्याचा भंग आहे, वादाला जागाच नाही. 2025 मध्ये त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला तरी ही रचना तशीच राहिली. तुमच्या रिसीव्हरमध्ये वाफ नाही, म्हणून तो यात येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण दाब आहे म्हणजे आयबीआर लागणारच, असा समज मी अनेक ठिकाणी ऐकतो.

दुसरा प्रकार, नियम स्वतः सूत्रं देत नाही पण एखाद्या कोडचं नाव घेतो. एलपीजीच्या मोठ्या बुलेटसारख्या टाक्यांसाठी स्फोटक कायद्याखालचे 2016 चे नियम आहेत, ज्यांची अंमलबजावणी पेसो ही केंद्राची स्फोटक सुरक्षा संस्था करते. टाकीचं डिझाइन, बांधणी आणि चाचणी आयएस 2825 प्रमाणे किंवा मुख्य नियंत्रकांनी मान्य केलेल्या दुसऱ्या कोडप्रमाणे हवी, असं त्यात आहे. म्हणजे जो आयएस 2825 तुमचे मालक शिफारस म्हणून बाजूला ठेवतात, तोच कोड त्या टाकीसाठी नियमाचा भाग झालेला आहे. पुस्तक तेच, टाकी वेगळी, कायदा वेगळा.

बीआयएसच्या मानकांबाबत 2016 च्या बीआयएस कायद्यात अशीच सोय आहे. मानक मुळात ऐच्छिक असतं. केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की त्या वस्तूसाठी आयएसआय मार्क सक्तीचा होतो. घरगुती प्रेशर कुकरचं मानक कित्येक दशकं होतं, पण सक्ती लागू झाली 1 फेब्रुवारी 2021 पासून. त्या तारखेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मानकाचा मजकूर एकच होता. बदललं ते त्याचं कायदेशीर स्थान.

विजेच्या बाबतीत हात जरा सैल आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांत म्हटलं होतं की हेतू साध्य करण्यासाठी बीआयएसची आचारसंहिता किंवा राष्ट्रीय विद्युत संहिता पाळता येईल, आणि दोन्हींत विसंगती असेल तर विनियम वरचढ ठरतील. ते विनियम 2023 मध्ये नव्याने काढले गेले, पण रचना समजायला हे उदाहरण चांगलं आहे. इथे कोड हा हेतू गाठण्याचा मान्य रस्ता आहे. दुसऱ्या रस्त्याने गेलात तर लगेच गुन्हा होत नाही, पण तुम्ही मुक्कामाला पोहोचलात हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

आता तुमच्या रिसीव्हरकडे येतो. यापुढचं नीट वाचा, कारण बहुतेक कारखान्यांतली बहुतेक यंत्रं याच वर्गात मोडतात.

1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 31 दाबावर चालणाऱ्या यंत्रांबद्दल होतं. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय केलेच पाहिजेत. किती जाडीची प्लेट, कोणता वेल्ड, कोणता व्हॉल्व्ह, काहीच नाही. तपशील राज्यांच्या नियमांवर सोडला. महाराष्ट्राचे 1963 चे नियम प्रत्येक दाबपात्राला योग्य सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा तितकंच परिणामकारक दुसरं साधन हवं म्हणतात, प्रेशर गेज हवा म्हणतात, आणि कॉम्पिटंट पर्सनकडून बाहेरून, आतून आणि गरजेप्रमाणे हायड्रॉलिक पद्धतीने ठराविक मुदतीत तपासणी सांगतात.

मग पहिला शेरा, सेफ्टी व्हॉल्व्ह. हा कोडचा मुद्दाच नाही, सरळ नियमाचा आहे. व्हॉल्व्ह असणं आणि तो चालू असणं दोन्ही लागतं, आणि चाचणी झाल्याचं दाखवता आलं नाही तर तो चालू आहे हे सिद्ध कसं करणार? इथे मालकांशी आयएसवर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

दुसरा, हायड्रो टेस्ट. तपासणी करायची की नाही आणि किती मुदतीने, हे नियमात आहे. तेवढा भाग बंधनकारक. आतून तपासायला मॅनहोल किंवा पुरेसा हँडहोल नसेल तर हायड्रोचं महत्त्व आणखी वाढतं. पण किती पट दाबावर चाचणी घ्यायची, हे ठरवताना पात्र कोणत्या कोडप्रमाणे बांधलंय ते बघावं लागतं. अमेरिकेच्या एएसएमई या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या कोडच्या सेक्शन 8, डिव्हिजन 1 मध्ये हा आकडा पूर्वी दीडपट होता, 1999 च्या सुधारणेपासून 1.3 पट झाला. जुनं पात्र आणि नवी आवृत्ती यांची सरमिसळ करून मनाने दाब ठरवणं धोक्याचं आहे. नेमप्लेट आणि मूळ प्रमाणपत्र शोधा. त्यावर कोडचं नाव, वर्ष, डिझाइन दाब आणि चाचणीचा दाब लिहिलेला असतो. आणि चाचणी पाण्यानेच करा, हवेने नको. तुमच्या रिसीव्हरमध्ये आठ किलोला साठलेल्या हवेची ऊर्जा हिशेब केला तर साधारण दोन मेगाज्यूल निघते, म्हणजे सुमारे अर्धा किलो टीएनटीच्या तोडीची. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी गळतं आणि दाब पडतो. हवा फुटली तर पत्रा उडतो.

तिसरा, जाडी. मालक आणि अहवाल देणारे खरे भांडतायत ते इथे. तुमच्या रिसीव्हरच्या जाडीसाठी आयएस 2825 च वापरा, असं नियमाचं वाक्य दाखवा म्हटलं, तर अहवाल देणाऱ्याला ते सहज दाखवता येणार नाही. तेवढ्यापुरते मालक बरोबर. पण नियम सुरक्षित कार्यदाब ठरवायला सांगतो. तो कशावरून ठरवणार? डिश एंड मूळची समजा आठ मिलिमीटर होती आणि आता पाच भरते. पाच मिलिमीटरला आठ किलो दाब सुरक्षित आहे की नाही हे अंदाजाने सांगता येत नाही. पोलादाचा परवानगीयोग्य ताण, पात्राचा व्यास, डिश एंडचा आकार, वेल्डची रेडिओग्राफी (क्ष-किरण तपासणी) झाली होती की नाही यावरून ठरणारा सांध्याचा गुणांक, पुढची गंज धरून ठेवायची जादा जाडी, हे सगळं एकत्र बसवणारं सूत्र लागतं. ते सूत्र आयएस 2825 मध्ये आहे, एएसएमईमध्ये आहे, आणखी दोन-चार मान्य कोडमध्ये आहे. कायद्याला परिणामकारक उपाय हवा आहे, आणि उपाय परिणामकारक आहे हे मोजायची पट्टी कोड देतो. पट्टी बदलायची मुभा तुम्हाला आहे, पण पट्टी न लावताच कापड पुरेल म्हणायची नाही.

आणि सिद्ध कोणी करायचं? सर्वसाधारण फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. कारखाना कायद्याच्या कलम 104-अ ने यात महत्त्वाचा बदल केला होता. कर्तव्य पार पाडलं नाही असा आरोप असेल, तर ते पाडणं व्यवहारात शक्य नव्हतं किंवा शक्य ते सगळे उपाय केले होते, हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावर येते. कारखाना कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही (तिच्याबद्दल पुढे सांगतो) हे तत्त्व ठेवलं आहे. म्हणून कोड ही शिफारस आहे हे उत्तर मला चौकशीत कधीच पुरेसं वाटलेलं नाही. समोरचा अधिकारी शांतपणे एकच विचारतो: ठीक, कोड नाही पाळला, मग सुरक्षित दाब तुम्ही कशाच्या आधारे ठरवला? त्या प्रश्नाला कागद असेल तर उत्तर आहे, नसेल तर नाही.

इतर काही देशांनी हे स्पष्ट लिहून टाकलंय. ब्रिटनच्या 1974 च्या कायद्यात मान्यताप्राप्त आचारसंहिता न पाळणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. पण खटला झाला आणि ती पाळली नव्हती असं दिसलं, तर कायदा दुसऱ्या मार्गाने पाळला होता हे आरोपीने दाखवायचं. जर्मनीत यंत्रांच्या सुरक्षेचे तांत्रिक नियम पाळले तर त्या बाबतीत कायदा पाळला असं गृहीत धरतात, आणि वेगळ्या मार्गाने तेवढीच सुरक्षा साधायची मोकळीकही देतात. आपल्याकडे इतकं नेटकं कलम नाही, पण व्यवहारात गाडी त्याच ठिकाणी येऊन थांबते. मला ही पद्धत न्याय्य वाटते. तांत्रिक ज्ञान कायद्यापेक्षा वेगाने बदलतं. प्रत्येक मिलिमीटर कायद्यात कोरून ठेवला तर चांगलं नवं डिझाइनही बेकायदा ठरेल. आणि काहीच पट्टी नसेल तर जो तो आपल्या सोयीचा दाब ठरवेल.

आता एक गोष्ट जी तुमच्या बाजूनेही आहे आणि मालकांच्याही. कोणी अधिकारी किंवा तपासनीस तोंडी बंधनकारक आहे म्हणाला, म्हणून ते बंधनकारक होत नाही. कायदा लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्ध झाल्याशिवाय त्याच्यासाठी शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच हरला विरुद्ध राजस्थान या खटल्यात सांगितलंय. खात्याचं अंतर्गत परिपत्रक हेही सहसा नियमाची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा कोणत्या नियमाखाली, हे नम्रपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण अधिकाराने दिलेला लेखी आदेश ही वेगळी गोष्ट आहे. निरीक्षकाने कायद्याने मिळालेल्या अधिकारात अमुक पात्र अमुक कोडप्रमाणे तपासून अमुक तारखेपर्यंत अहवाल द्या असं लिहून दिलं, तर तो कोड त्या पात्रापुरता तुम्हाला बांधतो. पटत नसेल तर मुदतीत अपील करायचं. कारखाना कायद्यात ही मुदत 30 दिवसांची होती. आदेश फाइलला लावून गप्प बसणं हा पर्याय नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेला एक मोठा भाग आहे तो असा. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 लागू झाली आणि कारखाना कायदा तिच्यात विलीन झाला. म्हणून वर मी त्या कायद्याबद्दल होता, होती असं लिहिलं. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर, नवे येईपर्यंत, चालू राहतात. पण दोन बदल तुम्ही तपासायलाच हवेत. एक, कारखान्याची व्याख्या: वीज वापरणाऱ्या ठिकाणी आता वीस कामगारांची मर्यादा आहे, वीज नसेल तर चाळीस. तुमची संख्या याच्या आसपास असेल तर कोणती तरतूद लागते हे वकिलाकडून पक्कं करा. दोन, केंद्र सरकारने सुरक्षेची मानकं अधिसूचनेने जाहीर करायची आहेत, आणि ती पाळणं हे मालकाचं कर्तव्य आहे असं संहितेत थेट म्हटलंय. म्हणजे आज जो विषय नुसत्या कोडच्या पुस्तकात आहे, तो उद्या अधिसूचित मानकात येऊ शकतो. वर्षातून एकदा राजपत्र आणि डिशचं (राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं) संकेतस्थळ बघायची सवय लावून घ्या.

करार आणि विमा यांबद्दल थोडक्यात. पर्चेस ऑर्डरमध्ये अमुक कोडप्रमाणे असं लिहिलं असेल तर तो कोड पुरवठादाराला करारानेच बांधतो, कायद्यात त्याचं नाव असो वा नसो. विम्याच्या पॉलिसीत बहुधा वाजवी खबरदारीची आणि वैधानिक नियम पाळण्याची अट असते. जाडी कमी झाल्याचा अहवाल हातात असताना रिसीव्हर चालवला आणि तो फुटला, तर दावा मंजूर होईल याची खात्री मी देणार नाही. मालकांना कायद्यापेक्षा हा मुद्दा लवकर पटतो असा माझा अनुभव आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण काही इंजिनिअर कोडला कवचकुंडलं समजतात. कोड पाळला म्हणजे सगळ्या जबाबदारीतून सुटलो, असंही नाही. डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीच्या प्लॅन्टमधून ओलियम वायू गळला. त्या एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये पूर्ण दायित्वाचं तत्त्व घातलं: स्वभावतः धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने त्यातून कोणाला इजा झाली तर भरपाई द्यायचीच, सगळी काळजी घेतली होती हा बचाव चालणार नाही. भोपाळच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. एका एअर रिसीव्हरला हे तत्त्व जसंच्या तसं लागेल असं मी म्हणत नाही. अमोनिया, क्लोरीन, एलपीजी साठवणाऱ्यांनी मात्र ते डोक्यात पक्कं ठेवावं. शिक्षा होईल का, हा एक प्रश्न आणि भरपाई द्यावी लागेल का, हा दुसरा. कोड पाळल्याचा पुरावा पहिल्यात खूप मदत करतो, दुसऱ्यात कधीकधी काहीच नाही.

आणि कोड हा किमान आहे. आयएस 2825 हा 1969 चा आहे. रिसीव्हरच्या शेजारी पाच फुटांवर माणूस दिवसभर बसत असेल तर त्याची खुर्ची हलवा, एवढी साधी गोष्ट जाडीच्या सूत्रात सापडणार नाही. माणसांची काळजी घेण्याचं सर्वसाधारण कर्तव्य कोडच्या बाहेरही पसरलेलं आहे.

आता अडकणार कोण. भोगवटादार (ऑक्युपायर), म्हणजे ज्याच्या हातात कारखान्याचा अंतिम ताबा असतो तो; कंपनी असेल तर संचालकांपैकीच कोणीतरी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात कारखाना कायद्याबद्दल स्पष्ट केलं. खालच्या अधिकाऱ्याला नावापुरतं ऑक्युपायर करून वरच्यांना सुटता येत नाही. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही झाली कारखान्याच्या कायद्याची बाजू. त्याखेरीज भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, हयगयीने मृत्यू घडवणं, पाच वर्षांपर्यंत कैद. ते पद बघत नाही. कोणाला धोका माहीत होता, कोणाच्या हातात काय करणं शक्य होतं आणि त्याने काय केलं, हे बघतं. तुम्हाला धोका माहीत आहे. अहवाल तुमच्या टेबलावर आहे. म्हणून मालक बघतील म्हणून स्वस्थ बसू नका. तुमच्या हातात असलेलं तुम्ही केलं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. दाब कमी करणं तुमच्या हातात असेल तर तो करा. नसेल तर करायला सांगितल्याचा कागद ठेवा.

प्रत्यक्षात मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. उद्याच कंप्रेसरचं कट-आउट, म्हणजे तो ज्या दाबाला बंद होतो तो आकडा, खाली आणा, प्रक्रियेला चालेल तितका दाब ठेवा, साडेपाच-सहा किलोवर भागत असेल तर तिथे. हा कायमचा उपाय नाही, पण हिशेब होईपर्यंत धोका कमी होतो आणि खर्च शून्य. सेफ्टी व्हॉल्व्हही त्या कमी दाबाला सेट करून, चाचणी करून, सील करून घ्या; नुसतं कट-आउट खाली आणलं आणि व्हॉल्व्ह जुन्या दाबालाच उडणारा ठेवला तर प्रेशर स्विच अडकल्यावर काहीच उरत नाही. खालचा ड्रेन रोज उघडला जातो का ते बघा. पाणी साचून तळ खातो, तुमची डिश एंड बहुधा अशीच गेली आहे. मग अल्ट्रासॉनिक थिकनेसचं ग्रिड (चौकटी आखून ध्वनिलहरींनी जाडी मोजणं) करून घ्या, दोन-चार ठिकाणी नाही तर पूर्ण डिश एंड आणि शेलचा (टाकीच्या नळकांड्याचा) खालचा पट्टा, आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरून मूळ डिझाइन कोडप्रमाणे कार्यदाब काढून द्यायला सांगा. मूळ कोड सापडला नाही तर कॉम्पिटंट पर्सनने आयएस 2825 धरलेला मला पूर्णपणे योग्य वाटतो. हिशेबात सहा किलो सुरक्षित निघाला तर नवा सुरक्षित कार्यदाब म्हणून तो अहवालात लिहून घ्या, नेमप्लेटच्या शेजारी रंगवा आणि व्हॉल्व्ह त्याच आकड्याशी जुळवून ठेवा. पाचही निघाला नाही तर वाद संपला, रिसीव्हर बदलायचा. अशा पात्राच्या डिश एंडवर बाहेरून पॅच वेल्ड करून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मालकांना कोडचं पुस्तक दाखवायला जाऊ नका. त्यांना एक पानाचं पत्र द्या. त्यात तीन ओळी पुरतील: नियमाप्रमाणे सुरक्षित कार्यदाब ठरवणं आपल्याला आवश्यक आहे, सध्याच्या जाडीवर तो ठरवलेला नाही, तो ठरेपर्यंत अमुक दाबावर चालवत आहोत आणि अमुक तारखेला शटडाउन हवं आहे. त्यांना आयएस 2825 नको असेल तर दुसरा कोणता मान्य कोड वापरायचा ते त्यांनी आणि त्यांच्या सल्लागाराने लिहून द्यावं, असंही त्यात घाला. पोच घ्या. कॉम्पिटंट पर्सनलाही फोन करून विचारा की प्रत्येक शेऱ्यापुढे नियमाचा क्रमांक आणि जिथे नियम नाही तिथे कोडचा क्रमांक वेगळा लिहून सुधारित अहवाल देता येईल का. चांगला माणूस असेल तर आनंदाने देईल, आणि मग तुमच्या ऑफिसमधला निम्मा वाद त्या एका रकान्याने मिटेल.